गावाची राखण: गस्त कोणाची, खर्च कोणाचा

पंधरवड्यात दोन डीपी फोडल्या, तेल सांडलं आणि आतलं तांबं गेलं. मग मळ्यातल्या एका वस्तीवरून चार शेळ्या गेल्या. किराणा दुकानाचं शटर उचकटलं त्या दिवशी संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक बसली. अशा बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत तीन ठराव तोंडी मंजूर होतात. कॅमेरे बसवा, गुरखा ठेवा, पोरांनी काठ्या घेऊन रात्री फिरा. अकराव्या मिनिटाला कोपऱ्यातून आवाज येतो, "पैशाचं काय?" तिथून पुढची बैठक चहावर जाते आणि महिनाभराने पुन्हा एखादी मोटर चोरीला जाईपर्यंत कुणी विषय काढत नाही.

तुमच्या गावात ही बैठक झाली असेल किंवा होणार असेल, तर हे वाचून ठेवा. पैशाचं पुढे सविस्तर येईल. त्याआधी गावाच्या हातात काय आहे आणि काय नाही, एवढं नक्की व्हायला हवं. पुढचे निम्मे घोटाळे तिथेच टळतात.

पोलीस ठेवणं ग्रामपंचायतीच्या अधिकारात नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे पोलीस हा राज्याचा विषय आहे. पंचायतींकडे सोपवता येतील अशा २९ विषयांची यादी अकराव्या अनुसूचीत आहे, त्यात पाणी आहे, रस्ते आहेत, ग्रामीण विद्युतीकरण आहे, पोलीस नाही. अमेरिकेत चित्र वेगळं आहे. कॅलिफोर्नियातल्या लेकवूड या गावाने १९५४ मध्ये नगरपालिका स्थापन केली आणि स्वतःचे पोलीस भरण्याऐवजी काउंटीच्या शेरीफशी करार करून पोलीससेवा विकत घेतली. नंतर अनेक छोट्या शहरांनी हीच वाट धरली. तिकडे गावाने ठरवायचं असतं की पोलीस घरचे ठेवायचे की शेजाऱ्याकडून भाड्याने आणायचे. आपल्याकडे हा पर्यायच नाही, म्हणून "आपल्या गावाचा स्वतंत्र पोलीस" असं आश्वासन कुणी निवडणुकीत दिलं तर टाळ्या वाजवून सोडून द्यावं.

पण राखण ही वेगळी गोष्ट आहे आणि ती गावाची आहे. १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाला जी ग्रामसूची जोडलेली आहे, तिच्यात गावाची आणि गावातल्या पिकांची राखण हे काम स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याच नोंदीत पुढे असंही आहे की या राखणीचा खर्च गावातल्या ठरावीक व्यक्तींकडून ठरलेल्या रीतीने वसूल करता येतो. मला भेटलेल्या सरपंचांपैकी फार थोड्यांनी ही नोंद वाचलेली होती. ग्रामसेवकांना, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, सूची काढायला सांगा आणि ती ओळ सभेत मोठ्याने वाचा. "हे आपलं कामच नाही" म्हणणाऱ्याला त्यात उत्तर मिळतं.

ही नोंद आकाशातून पडलेली नाही. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याचं काम नोंदवलं आहे. चोरी झाली की जागल्याने चोराचा माग काढत शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जायचं. माग शिवेपलीकडे गेला की पुढची जबाबदारी त्या गावाची. या राखणीचा मोबदला वतनजमिनीतून आणि खळ्यावरच्या धान्यातून मिळे. मात्र त्या व्यवस्थेचं कौतुक करताना जीभ जरा आवरावी लागते, कारण रात्र जागवण्याचं काम जातीने वाटलेलं होतं. महार, रामोशी यांनी जागायचं आणि बाकीच्यांनी झोपायचं. १९५८ च्याच दुसऱ्या एका कायद्याने ही कनिष्ठ गाववतनं गेली ते बरंच झालं. तुम्ही नवी गस्त उभी कराल तेव्हा पाळ्या कुणाच्या लागतात याकडे म्हणूनच बघायचं आहे.

आधीच मिळालेला माणूस

गाव राखणीवर एक रुपया खर्च करण्याआधी सरकारने आधीच मानधनावर ठेवलेला माणूस कुठे आहे ते पाहा. तो म्हणजे पोलीस पाटील. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने वंशपरंपरेऐवजी नेमणुकीचं हे पद आणलं. नेमणूक प्रांत करतात, मानधन राज्य सरकार देतं. ते मार्च २०२४ मध्ये ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये महिना करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. गावात संशयास्पद माणूस आला, अनोळखी मृतदेह सापडला, दोन भावकींत तणाव वाढला, तर पोलीस ठाण्याला कळवणं हे त्याचं काम आहे. कित्येक गावांत हे पद रिकामं असतं, किंवा पाटील तालुक्याच्या गावी राहतो. पद रिकामं असेल तर कॅमेऱ्यांच्या आधी ते भरण्याचा ठराव करा आणि प्रांत कार्यालयात पाठवा. त्याला खर्च टपालाचा.

दुसरा माणूस बीट अंमलदार. तुमचं गाव कोणत्या पोलीस ठाण्यात, कोणत्या बीटात आणि जवळचं दूरक्षेत्र किती किलोमीटरवर, हे गावातल्या दहा माणसांना विचारून पाहा. माझा अनुभव असा की दोघांना सांगता येतं. बीट अंमलदाराला सभेला बोलवा, पण भाषणाला नाही. त्याला विचारा की रात्रपाळीला ठाण्यात किती माणसं असतात, गाडी किती, आणि त्याच्या बीटात गावं किती. हे आकडे ऐकल्यावर गावाचा राग बराच निवतो आणि गस्त कशासाठी हवी हेही कळतं. ११२ वर फोन केल्यावर गाडीला पोचायला लागणारा वेळ, तेवढा वेळ तुम्हाला सांभाळायचा आहे.

भीतीची यादी आणि चोरीची यादी

वर्षभरात गावात खरंच काय काय गेलं त्याची यादी करा. तारीख, वेळ, ठिकाण, काय गेलं, तक्रार दिली की नाही. पोलीस पाटलाकडून, वायरमनकडून, दुकानदारांकडून आणि मळ्यातल्या वस्त्यांवरून माहिती गोळा केली की दोन संध्याकाळींत काम होतं. ठाण्यात नोंद झालेल्या गुन्ह्यांची संख्या माहितीच्या अधिकारात मागता येते. बहुतेक वेळा ठाणे अंमलदार तोंडीच सांगतात.

ही यादी जवळजवळ नेहमीच पारावरच्या चर्चेशी जुळत नाही. चर्चा दरोड्याची असते, यादी मोटरपंप, केबल, डीपी, शेळ्या आणि खळ्यावरच्या सोयाबीनची निघते. चर्चा गावठाणाची असते, चोऱ्या शिवारात झालेल्या असतात. मग गावठाणाच्या चौकात आठ कॅमेरे लावून काय साधणार? यादीत काढणीच्या दोन महिन्यांतच घटना दाटलेल्या दिसल्या तर बारमाही रखवालदाराची गरज नाही, हंगामी राखण पुरते. कित्येकदा असंही दिसतं की दहापैकी सहा चोऱ्या बंद पडलेल्या पथदिव्यांच्या पट्ट्यात झाल्या. तिथे पहिला खर्च दिव्यांचा, आणि दिवाबत्ती तर ग्रामपंचायतीचं नेहमीचंच काम. त्यासाठी कुणाकडे वर्गणी मागायला जावं लागत नाही.

गस्त

फुकटातली आणि म्हणून सर्वात लोकप्रिय युक्ती ही. सर्वात धोक्याचीही हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरते अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली. आठवडी बाजारात आलेल्या भटक्या समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केलं. ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी होते, त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं गेलं. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक असेच गेले. टाळेबंदीतल्या चोरांच्या अफवांनी तिथली गावं रात्रीचा जागता पहारा देत होती. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर पुणे, नगर, बीडकडच्या कित्येक गावांनी आकाशातल्या ड्रोनच्या चर्चेने रात्री जागून काढल्या. माणसं थकलेली, घाबरलेली, हातात काठ्या, आणि खिशातल्या मोबाइलवर दर दहा मिनिटांनी नवा संदेश. अशा वेळी वाट चुकलेला कुणीही चोर ठरू शकतो.

म्हणून गस्त घालायचीच असेल तर ती कायद्याच्या चौकटीतच घाला. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ६३ ब मध्ये ग्रामसुरक्षा दलाची तरतूद आहे. दल पोलीस अधीक्षकांच्या अधिकारात स्थापन होतं. अर्ज ठाण्यामार्फत जातो, सदस्यांची नावं ठाण्यात नोंदली जातात, ओळखपत्र मिळतं. याच्यासारख्याच नावाचं ग्रामरक्षक दल हे वेगळं प्रकरण आहे. ते दारूबंदी कायद्यात २०१६ ला झालेल्या दुरुस्तीतून आलं आणि अवैध दारूपुरतं आहे. सभेच्या ठरावात या दोन नावांची गल्लत झाली की कागद ठाण्यातून परत येतो, आणि तो परत आला हे गावाला कळायला महिना जातो.

पाळ्या चिठ्ठ्या टाकून लावा. प्रत्येक पाळीत चार माणसं पुरेत, त्यातला एक तरी चाळिशीच्या पुढचा असू द्या. सगळी पोरंच असली की गस्त कमी आणि सहल जास्त होते. रात्री अकरा ते पहाटे चार, हातात विजेरी आणि शिट्टी, अंगावर ओळखू येईल असा पट्टा. दारू प्यायलेल्याने पाळीवर यायचं नाही, हे ठरावात लिहा. हसू नका, लिहिलं नाही तर दुसऱ्याच आठवड्यात हा प्रश्न येतो. आणि प्रत्येक वस्तीचे लोक पाळ्यांत असू द्या. दलित वस्तीतली, आदिवासी पाड्यावरची, मुस्लिम मोहल्ल्यातली माणसं दलात नसतील तर ते गावाचं दल होत नाही.

गस्तीवर अनोळखी माणूस दिसला तर काय करायचं, हे रात्री ठरवायचं नसतं. कायदा असा आहे. डोळ्यांसमोर गंभीर, दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडत असेल, किंवा समोरचा माणूस घोषित गुन्हेगार असेल, तरच सामान्य नागरिकाला त्याला पकडता येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावं लागतं. "संशय आला" हे पकडायला कारण होत नाही. झडती घेणं, बांधून ठेवणं, मोबाइलवर चित्रीकरण करून गटात टाकणं, यातलं काहीही दलाचं काम नाही. नाव विचारा, कुठे निघालात ते विचारा, ११२ लावा, गाडीचा क्रमांक लिहून घ्या आणि अंतर ठेवा. जमावाने जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून कुणाचा जीव घेतला तर भारतीय न्याय संहितेत आता त्याला स्वतंत्र तरतूद आहे आणि शिक्षा फाशीपर्यंत जाते. दलातल्या प्रत्येकाने हे समजल्याची सही करावी.

गावाबाहेर पाल ठोकून राहिलेल्या भटक्यांवर पहिला संशय जाणार, हे गृहीत धरा. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण शिक्का अजून गावोगाव वापरात आहे. पालावर कोण आलं आहे, किती दिवस राहणार, हे पोलीस पाटलाने दिवसा, चहा पीत विचारून ठेवलं तर रात्री तिकडे धावायची वेळ येत नाही.

आता पैशाचं

गस्तीचा उत्साह तीन महिने टिकतो. ऊस तुटायला लागला की पाळ्या चुकतात आणि गाव गुरख्यावर येतं. गणित करून पाहू. समजा गावात ४०० उंबरे आहेत. रात्रपाळीला दोन माणसं, प्रत्येकी १४,००० रुपये. सुट्टीच्या दिवसाचा बदली माणूस, गणवेश, विजेऱ्या धरून महिन्याला ३२,००० रुपये. उंबऱ्यामागे ८० रुपये आले. पण वर्गणी शंभर टक्के कधीच जमत नाही. सत्तर टक्के घरं देतील असं धरा. मग देणाऱ्या घराच्या वाट्याला ११४ रुपये येतात. गावाचा वर्षाचा एकूण खर्च तीन लाख ८४ हजार. हा आकडा फळ्यावर लिहून मग हात वर करायला सांगा. आकड्याआधी वर केलेले हात मोजू नयेत.

"वित्त आयोगातून द्या" असं इथे कुणीतरी हमखास सुचवतं. ते जमत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. उरलेल्या ४० टक्के अबंधित निधीतून गावाच्या गरजेची कामं घेता येत, पण पगार आणि आस्थापनेचा खर्च त्यातून वर्ज्य होता. सोळाव्या आयोगाचा काळ एप्रिल २०२६ पासून आहे; त्याच्या सूचना गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या, ऐकीव माहितीवर ठराव करू नका. कोणत्याही वित्त आयोगाच्या निधीतून काम घ्यायचं तर ते आधी ग्रामपंचायत विकास आराखड्यात बसलेलं हवं. ऐनवेळी घुसवलेलं काम लेखापरीक्षणात अडकतं आणि उत्तरं सरपंचाला द्यावी लागतात.

तेव्हा माणसाचा पगार दोनच ठिकाणांहून येऊ शकतो: ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून किंवा लोकवर्गणीतून. स्वनिधीतून द्यायचं तर घरपट्टीची वसुली किती, हे आधी बघा. निम्मी थकबाकी असलेल्या पंचायतीने गुरखा ठेवणं म्हणजे दिवाळीनंतर त्याचा पगार थकवणं. लोकवर्गणी घ्यायची तर पावती छापा, वेगळं बँक खातं उघडा, दोघांच्या सहीने पैसे निघू द्या आणि दर महिन्याचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. यात्रेच्या वर्गणीत ही रक्कम मिसळू नका. मिसळली की दोन्हींचा हिशेब लागत नाही. वर्गणी न देणाऱ्याचा दाखला किंवा नळ अडवता येत नाही, हेही सभेत सांगून टाका. एकट्या म्हाताऱ्या बाईच्या घरी पावती घेऊन जाऊच नये. राखण मात्र तिच्या दारावरूनही जावी.

शिवारातल्या चोऱ्या हाच मुख्य त्रास असेल तर उंबऱ्यावर वर्गणी लावणं अन्यायाचं आहे. भूमिहीनाने बागायतदाराच्या मोटरीची राखण का भरावी? तिथे विहिरीमागे, मोटरीमागे किंवा एकरामागे दर लावा. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात बागायतदार आपसांत माणूस ठेवतात तो याच हिशेबाने. ग्रामसूचीतली ती नोंद, ठरावीक व्यक्तींकडून खर्च, पुन्हा वाचा. तिचा रोख तोच आहे.

माणूस एजन्सीकडून घेणार असाल तर तिच्याकडे २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना आहे का ते पाहा आणि प्रत मागून घ्या. थेट ठेवणार असाल तर ओळखपत्राची प्रत ठाण्यात द्या आणि किमान वेतनाचा दर विचारून घ्या. गल्लीगल्लीत शिट्टी वाजवत फिरणारा आणि पहिल्या तारखेला दारात उभा राहणारा गुरखा कुणी नेमलेला असतो, हे बऱ्याच गावांत कुणालाच ठाऊक नसतं. आधीच्याने पुढच्याला गाव दिलेलं असतं, एवढंच.

कॅमेरे ही वस्तू आहे, त्यामुळे त्यांना पैसा तुलनेने सहज मिळतो, आणि तिथेच फसगत होते. माझ्या ओळखीच्या एका गावात उद्‌घाटनाला फीत कापली, नारळ फुटला, बातमी आली. पहिल्या पावसात तीन कॅमेरे गेले. चोरी झाली त्या रात्री वीज नव्हती आणि नोंद ठेवणाऱ्या यंत्राला इन्व्हर्टर नव्हता. खरेदीच्या ठरावातच देखभालीचा वार्षिक करार, इन्व्हर्टर, किमान पंधरा दिवसांची साठवण आणि वीजबिल कोण भरणार हे लिहा. दरवर्षी किमतीच्या पंधरा टक्के बाजूला ठेवावेत असं माझं मत. ते जमणार नसेल तर आठाऐवजी चारच घ्या. हे चार गावात येण्याजाण्याच्या रस्त्यांवर असू द्या, गाडीचा क्रमांक वाचता येईल अशा उंचीवर आणि उजेडात. पाणवठा, कुणाचं अंगण, शौचालयाची वाट यांवर रोखलेला कॅमेरा महिला ग्रामसभेने उतरवायला लावावा. चित्रण न्यायालयात चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. गावातर्फे ते देणारा जबाबदार माणूस एकच असू द्या, आणि चित्रण बघायला मिळेल तेही त्याच्याचकडे. सरपंचाच्या मोबाइलवर चोवीस तास गाव दिसणं ही सोय नव्हे, पुढच्या भांडणाची तयारी आहे.

ठराव ग्रामसभेत घ्या, मासिक सभेत उरकू नका. ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती लागते. तहकूब सभेला ही अट नाही, पण राखणीचा ठराव रिकाम्या सभेत झाला तर वर्गणी मागायला कोणत्या तोंडाने जाल? ग्रामसभेआधीच्या महिला सभेत हा विषय ठेवा. रात्री कुठे अंधार असतो, कोणत्या वळणावर टोळकं बसतं, शाळेतून येणाऱ्या मुली कोणता रस्ता टाळतात, ही माहिती पारावरच्या बैठकीत कधी येत नाही, तिथे येते.

ठरावात मुदत घाला: सहा महिने. सहा महिन्यांनी तीच चोऱ्यांची यादी पुन्हा काढायची, शेजारी खर्च लिहायचा आणि पुढे चालवायचं की थांबवायचं ते ठरवायचं. आणि विजेऱ्यांच्या चार्जिंगचं काम ठरावात नावानिशी एकाला द्या. आमच्याकडची पहिली गस्त चौथ्या रात्री बंद पडली, ती चोरांना घाबरून नाही. चारही विजेऱ्या सरपंचाच्या कपाटात होत्या आणि किल्ली घेऊन सरपंच लग्नाला गेले होते.